मॅग्नेशियमचं बूच

शनिवारी मंडईतून भाजी घेऊन बाहेर आलो आणि गाडी कुठं लावली तेच आठवेना. दोन्ही हातात पिशव्या, एकीचे बंद बोटांत रुतलेले, मेथी वरून डोकं काढून बघतीय आणि समोर गाड्याच गाड्या, त्यातल्या निम्म्या राखाडी ॲक्टिव्हा. एकीला किल्ली लावून खटपट करत होतो तर तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक मुलगी आली, "काका, ही माझी आहे." गाडीपेक्षा ते 'काका'च जास्त लागलं.

लेकीला फोन केला. ती एमएस्सीला मेंदूचं कायकाय शिकते. म्हणाली, "बाबा, लावताना फोनवर बोलत असशील, मग कसं लक्षात राहणार? पेशींच्या जोडावर एक दार असतं, त्याला मॅग्नेशियमचं बूच. सिग्नल जोरात आला की बूच उडतं, कॅल्शियम आत घुसतं आणि तो जोड पक्का होतो." बुचाचं नंतर कळलं म्हणे, पण जोरदार झटके दिले की जोड कित्येक तास मजबूत राहतो हे ब्लिस आणि लोमो या दोघा शास्त्रज्ञांनी १९७३ सालीच सशाच्या मेंदूत दाखवलं होतं. म्हटलं, अगं सशाचं ठीक आहे, त्याला कुठं मंडईत पार्किंग शोधायचंय.

बरं, माझं बूच कधी उडतच नाही असंही नाही. १९९८ साली लक्ष्मी रोडवर एका साडीच्या दुकानात मालक म्हणाला होता, "घ्यायची नसेल तर घडी मोडायला लावू नका." ते वाक्य, त्याचा नाकावर घसरलेला चष्मा, कुरकुरणारा पंखा, साडीचा मोरपंखी रंग, सगळं जसंच्या तसं आहे. लेकीच्या मते अपमान झाला की ॲड्रेनलिन वाढतं, मग अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग 'हे जपून ठेवा' म्हणून शिक्का मारतो, "आणि वर तू ते दर दिवाळीला सगळ्यांना ऐकवतोस, म्हणजे उजळणी!" गाडीचं उलटं, दर आठवड्याला तेच पार्किंग, त्यामुळे जुन्या-नव्या जागांची पार मिसळ होते. हे मात्र पटलं, कारण मला त्या क्षणी चार वेगवेगळे खांब अगदी खात्रीनं आठवत होते.

तिसऱ्या फेरीला पार्किंगवाल्या पोऱ्यानं बसल्या जागेवरूनच हाक मारली, "ओ काका, त्या खांबामागं, सायकलीच्या पलीकडं. मागच्या शनिवारीपण असंच फिरत होता की!"

म्हणजे उजळणी व्यवस्थित चालूय, फक्त त्याच्या डोक्यात.

मी खुशीत वीसची नोट काढली तर म्हणाला, "सुटे द्या, मागचे पाच बाकी आहेत."