ऊन खाऊन जनुकं ‘जागी’ करायला निघालेल्यांसाठी

पारा चढला की एक मजकूर फोनवर फिरू लागतो. त्याचा आशय असा: फळमाशीवरच्या प्रयोगांतून सिद्ध झालंय की उष्णतेने झोपलेली जनुकं जागी होतात आणि डीएनए बदलतो. त्यातून जी ‘हीट-शॉक’ प्रथिनं तयार होतात ती आयुष्य वाढवतात, जितकी जास्त तितकी चांगली, आणि ही ताकद पुढच्या पिढीलाही मिळते. म्हणून पंखा-एसी बंद करा, उन्हात बसा.

प्रयोग खरे आहेत. निष्कर्ष मात्र पदरचे आहेत. (ही माशी म्हणजे ड्रॉसोफिला, पिकल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारी, जेमतेम तीन मिलिमीटरची. आंबा बागायतदारांना छळणारी फळमाशी वेगळी.)

‘डीएनए बदलतो.’ नाही बदलत. इटलीत फेरुचिओ रितोसा या माशीच्या अळ्यांच्या लाळग्रंथीतली महाकाय गुणसूत्रं पाहत होते. एका सहकाऱ्याकडून इन्क्युबेटरचं तापमान वाढलं गेलं आणि गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे दिसू लागले. हे निरीक्षण १९६२ साली प्रसिद्ध झालं. फुगवटा म्हणजे त्या जागचा डीएनए सैल होऊन त्याच्या आरएनए-प्रती (ज्यांवरून प्रथिनं बनतात) निघू लागल्याची खूण. अळ्या पुन्हा गारव्यात ठेवल्या की फुगवटे ओसरतात. डीएनएची अक्षरं आधी होती तीच नंतरही असतात. १९७४ मध्ये तिसिएर, मिचेल आणि ट्रेसी यांनी उष्णता दिलेल्या माश्यांत ठरावीक प्रथिनं एकदम वाढल्याचं दाखवलं. हीच ती हीट-शॉक प्रथिनं, थोडक्यात एचएसपी. त्यातलं सर्वांत ठळक ते एचएसपी७०.

‘झोपलेली जनुकं.’ या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग नेमका इथे आहे, आणि मजकुराने तोच उलटा सांगितलाय. एचएसपी७० चं जनुक झोपलेलं नसतंच. २५ अंशांवर, माशी आरामात असताना, आरएनए बनवणारं यंत्र म्हणजे पॉलिमरेज त्या जनुकावर चढलेलं असतं. वीस-चाळीस अक्षरं वाचून ते थबकतं आणि तसंच उभं राहतं, इंजिन चालू ठेवून फलाटावर थांबलेल्या एसटीसारखं. जॉन लिस आणि सहकाऱ्यांनी हे १९८० च्या दशकात उघड केलं. घंटी देण्याचं काम एचएसएफ नावाच्या प्रथिनाचं. एरवी ते एकेकटं, एचएसपींच्याच पहाऱ्यात असतं. तापमान ३६-३७ अंशांवर गेलं की पेशीतली इतर प्रथिनं विस्कटतात. त्यांना सावरायला पहारेकरी तिकडे धावतात आणि मोकळी झालेली एचएसएफ तीन-तीनच्या गटाने डीएनएवर जाऊन बसतात. काही मिनिटांत आरएनएचा लोंढा सुरू होतो.

म्हणजे हा संदेश ‘ऊन चांगलं आहे’ असा नाही, ‘प्रथिनं बिघडताहेत’ असा आहे. त्याच वेळी बहुतेक इतर जनुकांचं काम थंडावतं, हे मजकूर सांगत नाही. तीव्र उष्णतेत कच्च्या आरएनएमधले मधले तुकडे कापून टाकण्याची यंत्रणाही कोलमडते. एचएसपी७० च्या जनुकात असे तुकडेच नाहीत, म्हणून ते तरतं.

हे फक्त उष्णतेनेच होतं असंही नाही. रितोसांना तेच फुगवटे डायनायट्रोफिनॉल आणि सॅलिसिलेट या रसायनांनीही मिळाले होते. बेंझामाइड हे रसायन दिलं तर गुणसूत्रावरची ९३डी नावाची एकच जागा फुगते. ते भारतात सुभाष लाखोटिया आणि अ. स. मुखर्जी यांनी १९७० मध्ये दाखवलं. आता ही रसायनंही प्यायची का?

‘जितकी जास्त तितकी चांगली.’ यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करू. सौम्य उष्णता सोसलेली माशी नंतरची तीव्र उष्णता जास्त चांगली झेलते. १९९७ च्या एका प्रयोगात एचएसपी७० च्या जादा प्रती असलेल्या माश्यांना सौम्य उष्णता दिल्यावर त्यांचा मृत्युदर काही काळ कमी राहिला. पण अशाच जादा प्रतींच्या अळ्या वाढीत मागे पडल्या आणि त्यांतल्या कमी प्रौढ झाल्या, हेही त्याच वर्षी छापून आलं. ज्या पेशींना सतत एचएसपी७० बनवायला लावलं, त्यांची वाढ खुंटली. थंडावा मिळताच माशीची पेशी एचएसपी७० चा आरएनए मोडून टाकते, ते उगाच नाही. आणि साधारण ३० अंशांवर वाढवलेले नर वांझ निघतात. दीर्घायुष्याच्या मजकुरात हे कुठे दिसलं नाही.

‘पुढच्या पिढीला मिळतं.’ याचं मूळ जीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्या १९५३ च्या, याच माशीवरच्या प्रयोगात असावं. कोषांना ४० अंशांची उष्णता दिली, काहींच्या पंखातली आडवी शीर नाहीशी झाली. पिढ्यान्‌पिढ्या त्याच माश्या निवडून वाढवल्यावर उष्णता न देताही तशा माश्या निपजू लागल्या. पण त्यांच्यात आधीपासून दडलेला जनुकीय फरकच निवडीने एकत्र आला होता. शिवाय पदरात पडलं काय, तर सदोष पंख. २०११ मध्ये जपानी गटाने भ्रूणावस्थेतल्या उष्णतेचा गुणसूत्रांच्या बांधणीवरचा परिणाम पुढे जाताना दाखवला खरा. एका पिढीला ताण दिला तर परिणाम पुढच्या पिढीपुरता टिकला, मग मिटला.

राहिला माणूस. माशीच्या शरीराचं तापमान हवेइतकंच असतं. तिला जो ३७ अंशांचा धक्का, ते आपलं रोजचं तापमान. १९९३ मध्ये माणसाचं एचएसएफ माशीच्या पेशीत घातलं तेव्हा ते माणसाच्या पेशीतल्यापेक्षा सुमारे दहा अंश आधीच चालू झालं. आकडा पेशी ठरवते. मग माशीचा आकडा आपल्याला लावायचा कशाला?

चंद्रपूर-अकोल्यात पारा ४५ वर गेला तरी आपलं रक्त ३७ च्या आसपास राहतं ते घाम वाळतो म्हणून, जनुकं जागी झाली म्हणून नाही. ते जमेनासं होऊन अंग ४० च्या पुढे तापलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.