ब्रेक ऑइल ‘शेवटी तेलच’ नसतं, दाजी

परवा दाजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला. ‘गॅरेजवाले लुटतात! ब्रेक ऑइल घरीच बदला, 10 मिनिटांत!’ खाली पाच कलमं आणि त्याखाली दाजींची स्वतःची ओळ: ‘रविवारी करून टाकतो, सोमवारी कऱ्हाडला निघायचंय.’ म्हणजे हा प्रयोग करून ताई आणि भाच्याला घेऊन कुंभार्ली घाट! ग्रुपवर उत्तर दिलं तर अंगठे येतात, वाचत कुणी नाही. म्हणून इथे लिहितोय.

सगळ्यात भयंकर कलम आधी. ‘ब्रेक ऑइल म्हणजे शेवटी तेलच. कमी पडलं तर इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चालतं.’ नाही चालत. चमचाभरही नाही. आपल्या गाड्यांत असतं ते डॉट 3 किंवा डॉट 4 म्हणजे ग्लायकोल जातीचं रसायन. ते पाण्यात मिसळतं, तेल मिसळत नाही. मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलतो तो) आणि कॅलिपर (चाकाजवळ ब्रेक आवळतो तो) यांच्यातली रबरं त्याच रसायनाला सोसतील अशी बनवलेली असतात. खनिज तेल लागलं की ती फुगतात. फुगलेलं रबर मास्टर सिलेंडरमधलं, ऑइल टाकीत परत जाण्याचं बारीक भोक झाकतं. मग पाय काढला तरी ब्रेक धरलेलेच, आणि चाकं तापत राहतात. एका जीपच्या रबरांचं असं किट मी गॅरेजात हातात घेऊन पाहिलंय, भिजवलेल्या वाटाण्यासारखं टम्म. मास्टर सिलेंडर, कॅलिपर, मागचे व्हील सिलेंडर, होज पाइप, जिथे जिथे रबर तिथे सगळं बदलावं लागलं. बाटलीभर ब्रेक ऑइल वाचवायला गेलेल्याचं बिल काय झालं असेल, विचारू नका.

‘सिरिंजने टाकीतलं जुनं काढा, नवीन भरा, झालं.’ यात अर्धं खरं आहे, आणि काही गॅरेजवाले एवढंच करून पूर्ण कामाचे पैसे घेतात हेही खरं, मान्य. पण टाकी बदलली म्हणजे पाइप आणि कॅलिपरमधलं जुनं तसंच राहिलं. आणि तापतो तो कॅलिपर!

‘सीलबंद झाकण आहे, पाणी शिरतंच कसं?’ शिरतं. होज पाइपच्या रबरातूनही ओल आत येते, आणि चिपळूणच्या पावसाळ्याबद्दल मी दाजींना काय सांगणार? अमेरिकेचं एफएमव्हीएसएस 116 हे मानक, ज्यातून हे ‘डॉट’ आकडे आले, ते सरळ सांगतं: डॉट 4 कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सिअसला उकळावं, ओल मुरल्यावर किमान 155 ला. हा 75 अंशांचा फरक घाट उतरताना कळतो. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल नुसतं आत जातं. म्हणून माळ्यावरची दोन वर्षांपूर्वी उघडलेली अर्धी बाटलीही नको.

‘डॉट 5 सगळ्यात भारी, आकडा मोठा.’ डॉट 5 सिलिकॉनचं असतं, 3 आणि 4 मध्ये मिसळायचं नाही. 5.1 वेगळं, ते ग्लायकोलचंच. टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं तेच घाला.

‘जुनं ऑइल बाहेर काढायला पेडल दणादण तळापर्यंत मारा.’ जुन्या गाडीत मास्टर सिलेंडरच्या तळाकडच्या, कधी न वापरलेल्या भागात गंज असतो, त्यावर घासून रबराची कड जाते. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. निप्पल, म्हणजे चाकाजवळचा ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू, उघडं असताना पाय सोडला तर हवा परत आत येते, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

घरी करता येत नाही असं मी म्हणत नाही. मी करतो. पण 10 मिनिटांत नाही, आणि एबीएसच्या (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा गेली तर बऱ्याच गाड्यांना गॅरेजमधला कॉम्प्युटर, म्हणजे स्कॅनर, लावावाच लागतो.

दाजी, रविवारी मी येतोय. डॉट 4 च्या सीलबंद बाटल्या, पारदर्शक नळी आणि निप्पलला बसेल असा रिंग पाना मी आणतो. तुम्ही जॅकबरोबर स्टँड शोधून ठेवा, बोनेटवर सांडलं तर धुवायला बादलीभर पाणी ठेवा, नाहीतर रंग जाईल. भाच्याला लवकर उठवा. पेडल तो दाबेल, पण मी ‘सोड’ म्हटल्यावरच सोडायचं.