चांदिपुराचा तो मेसेज, ओळीओळीने

आषाढ लागला आणि आमच्या बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या वाड्याच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. २०२४च्या जुलैत फिरत होता तोच, फक्त तारीख उडवलेली. त्यात म्हटलंय ते असं : चांदिपुरा हा चंडीगढहून आलेला नवा व्हायरस, कोरोनाचा धाकटा भाऊ. खोकल्या-शिंकेतून एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून मुलांना मास्क लावा, शाळेत पाठवू नका. डासही पसरवतात, तेव्हा कॉइल लावा आणि साठलेलं पाणी ओतून द्या. हा खेड्यातल्या कच्च्या घरांचा रोग आहे. ताप आलाच तर दोन-तीन दिवस काढा द्या, दवाखान्यात धावू नका. झाला की मूल वाचतच नाही, डॉक्टर नुसतं बिल वाढवतात. शेवटी हात जोडलेले चार इमोजी.

समोरच्या सुनेने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "काकू, खरं का हे? शाळेत पाठवू ना?" मुलांच्या वॉर्डात माझी एकतीस वर्षं गेली, म्हणून असले प्रश्न सरळ माझ्या दारात येतात. तिला उत्तर लिहायला बसले ते लांबत गेलं.

नावाचं आधी उरकते. चंडीगढचा काही संबंध नाही. चांदिपुरा हे नागपूर जिल्ह्यातलं गाव. १९६५ साली तिथे तापाची साथ होती, तेव्हा दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संस्थेला हा विषाणू सापडला. म्हणजे नवा म्हणता म्हणता साठी ओलांडलेला, आणि विदर्भातला. कोरोनाशी त्याची सोयरीक नाही. कुळ लावायचंच तर रेबीजचं. (कुत्र्याचा यात हात नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढचा मेसेज तोच येईल.)

'खोकल्या-शिंकेतून जातो.' एका माणसाकडून दुसऱ्याला चांदिपुरा झाल्याची नोंद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४च्या साथीवर काढलेल्या टिपणातही हेच आहे. शेजारच्या बाकावरच्या मुलाला झाला म्हणून आपल्याला होत नाही. सुनबाई, शाळेत खुशाल पाठव. मास्कने काही बिघडणार नाही, पण मास्क लावून मूल रात्री भिंतीला पाठ लावून जमिनीवर झोपलं, तर धोका होता तिथेच राहिला.

कारण हा रोग मुख्यतः सँडफ्लाय आणते. मराठीत वाळूमाशी म्हणतात. नावावरून नदीकाठ डोळ्यांसमोर येतो, पण वाळूसारखा आहे तो तिचा रंग. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, डासापेक्षा पुष्कळ लहान, अंगावर लव. बसली की पंख मिटत नाही, वर उभे धरते. डासासारखी कानाशी गुणगुणत नाही, त्यामुळे चावेपर्यंत पत्ता लागत नाही. उडण्यात अगदी कच्ची : जमिनीलगत, टुणटुण उड्या मारल्यासारखी जाते. जोराचा पंखा लावला तर तिला अंगावर टिकणं अवघड जातं. बाहेर पडते ती संध्याकाळपासून पहाटेपर्यंत.

आता मेसेजमधली पाण्याची ओळ. बादल्या, कुंड्या, टायर यांतलं पाणी ओता, जरूर ओता, डेंगीसाठी ते करायलाच हवं. पण वाळूमाशी पाण्यात अंडी घालतच नाही. तिला लागते ओलसर माती, कुजका पाला, शेण, भिंतीतली भेग, गोठ्याचा कोपरा. म्हणून साथीच्या वेळी आरोग्य खात्याची माणसं गावोगाव घरांच्या फटींत मॅलेथिऑनची भुकटी मारत होती. मच्छरदाणीचंही तसंच. साध्या जाळीच्या भोकातून ही बया आरामात आत शिरते. जाळी बारीक विणीची हवी, नाहीतर कीटकनाशक लावलेली. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अंगाला लावायचं डास पळवणारं मलम हिलाही चालतं.

'खेड्यातल्या कच्च्या घरांचा रोग.' बहुतेक रुग्ण ग्रामीण भागातून येतात हे खरं. पण माशी घराचा सातबारा बघत नाही, तिला भेग आणि ओल पुरते. आमच्याच वाड्याच्या मागच्या भिंतीत, मोरीच्या डाव्या हाताला एक फट आहे. विटांमधला चुना गळून गेलाय, करंगळी पेराएवढी आत जाते आणि बाहेर काढली की ओली माती लागलेली असते. खाली नारळाच्या शेंड्या आणि कुंड्यांतला पालापाचोळा. शंभर वर्षांचा वाडा म्हणून पाहुण्यांना आपण कौतुकाने दाखवतो, ती भिंत तेवढी दाखवत नाही.

आता ज्या ओळीमुळे हे लिहायला बसले ती. 'दोन-तीन दिवस काढा द्या.'

२००४च्या पावसाळ्यात आपल्या पूर्व गुजरातेत चांदिपुराची साथ आली होती. मी तेव्हा रात्रपाळीला होते. गोध्राच्या बाजूचं एक चार वर्षांचं पोर आणलं, अंगात ताप, डोळे एका बाजूला फिरलेले, हाताच्या मुठी उघडेनात. आई एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती, "सवारे तो रमतो'तो, बेन." सकाळी खेळत होता. ती खोटं बोलत नव्हती की ढिलाई झाकत नव्हती. हा आजार असाच येतो. एकाएकी भरणारा जोराचा ताप, उलट्या, कधी जुलाब, मग झटके, मग मूल हाकेला ओ देईनासं होतं. सर्दी-खोकला त्याची ओळख नाही. पहिल्या तापापासून शेवटापर्यंतचा सगळा प्रवास कित्येकदा एक-दोन दिवसांत उरकतो. म्हणजे मेसेज ज्या मुदतीत काढा उकळायला सांगतो, त्याच मुदतीत.

म्हणून ताप किती डिग्री, यापेक्षा मूल कसं आहे ते बघा. औषधाने ताप उतरल्यावर खेळायला लागलं, पाणी मागितलं, तर जीव भांड्यात. पण तापात उलट्या थांबत नाहीत, पेंगुळलंय, ओळखत नाही, भलतंच बरळतंय किंवा एक जरी झटका आला, तर रिक्षा बोलवा, आणि जिथे मुलांचा आयसीयू आहे तिथेच न्या. झटका आल्यावर कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, पाणी ओतू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. आणि घरात असलेली अ‍ॅस्पिरिनची गोळी विषाणूच्या तापात मुलांना कधीच नाही. त्याने मेंदू आणि यकृताला वेगळाच धोका होतो.

'वाचतच नाही' हे मात्र रागानेच खोडते. आजार भयंकर आहे, ते लपवणार नाही. २००३ साली आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली. आपल्याकडे २००४ला शेकडा ७८ गेली. पण आंध्रातली १४६ घरी परतलीच ना? जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्ट २०२४पर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, त्यांतले ८२ दगावले. आणि त्या २४५पैकी चांदिपुरा पक्का ठरला तो ६४ जणांत. बाकीच्यांच्या तापाला चांदिपुराचं नाव परस्पर लावण्यात अर्थ नाही, मेंदूज्वराची कारणं पुष्कळ असतात. शिवाय हे आकडे मेंदूपर्यंत आजार पोचलेल्यांचे. धडधाकट माणसांच्या रक्तातही या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडलेली आहेत, म्हणजे कित्येकांना तो होऊन गेला आणि कळलंही नाही.

यावर लस नाही, विषाणू मारणारं औषधही नाही, हे खरं. पण म्हणून डॉक्टर 'नुसतं बिल' लावतात? झटके थांबवणं, मेंदूची सूज उतरवणं, ऑक्सिजन, सलाइन नेमकं मोजून देणं, श्वास अडला तर यंत्र लावणं, इतकं त्या रात्रीत करावं लागतं. मूल तग धरतं ते याच्यावर. आणि लवकर आणलेल्याला तग धरायला जागा जास्त असते. आमच्याकडे उशिरा आलेल्यांपैकी कोणाकोणाच्या हातात आधी गल्लीतल्या कोणी दिलेल्या पुड्या असायच्या. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपचे असले मेसेज नव्हते, पुड्या होत्या.

सुनेला हे सगळं पाठवलं. तिचं उत्तर आलं, "काकू, मग मोरीजवळची ती फट?" गवंडी रविवारी येतो म्हणालाय. सिमेंटचे पैसे सगळ्यांत वाटून घ्यायचेत. ग्रुपवर ते लिहिल्यापासून अजून एकाचाही हात जोडलेला इमोजी आलेला नाही.