प्रार्थनाविषय आणि न्यायनिवाडा: एका प्रतिक्रियेला उत्तर

बंधुवर्य, प्रभूमध्ये सलाम.

प्रार्थनासभेत एखाद्या गैरहजर कुटुंबाची अडचण ‘प्रार्थनाविषय’ म्हणून मांडली जाते आणि ‘आमेन’ होईपर्यंत त्या कुटुंबाचा निवाडाही होऊन गेलेला असतो, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपण तीन गोष्टी म्हणता: ‘न्याय करू नका’ असे सांगणारा मीच प्रार्थना करणाऱ्यांचा न्याय करतो, मंडळीच्या (चर्चमधील विश्वासणाऱ्यांच्या) शिस्तीसाठी न्याय करावाच लागतो, आणि, आपल्याच शब्दांत, ‘ज्याने कधी गुडघे टेकले नाहीत, त्याने आम्हाला आज्ञापालन शिकवू नये.’

बायबलमधील योहान 7:24 मध्ये प्रभू येशू यथार्थ न्याय करण्यास सांगतो. त्या वचनाचा उल्लेख लेखात हवा होता, हे मला मान्य आहे. परंतु मतभेद मांडण्याची ही रीत नव्हे. मी गुडघे टेकले की नाही, हे आपण कोठून पाहिले? दार लावून गुप्तपणे प्रार्थना करण्याची आज्ञा मत्तय 6:6 मध्ये आहे आणि तेथे पाहणारा केवळ पिता, म्हणजे देव आहे. ज्याला आपण कधी भेटला नाहीत, त्याच्या प्रार्थनेचा हिशेब एका वाक्यात मांडून आपण मोकळे झालात.

सांगण्याची इच्छा नव्हती, पण आता सांगतो. माझे वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळले तेव्हा आम्ही कळव्याला चाळीत राहत होतो. रात्री त्यांची कूस बदलून झाल्यावर आई आणि मी त्यांच्या उशाशी प्रार्थना करीत असू, आणि ती वर्षे आम्ही त्या प्रार्थनेवरच काढली. त्याच काळात जवळच्या एका प्रार्थनासभेत वडिलांसाठी मोठ्याने प्रार्थना झाली: ‘प्रभू, याचे गुप्त पाप उघड कर.’ कोणते पाप, हे कोणाला ठाऊक नव्हते. आजार आला म्हणजे पाप असणारच, एवढाच आधार. दुसऱ्या दिवशी नळावर आईला लोकांच्या नजरा कळल्या. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनीही हेच विचारले होते, की पाप याचे की याच्या आईबापांचे. आणि प्रभूने दोन्ही नाकारले (योहान 9). हे वचन त्या सभेत कोणाला आठवले नाही. मी लिहितो ते या अनुभवातून, आपण म्हणता तशा प्रार्थनेच्या अभावातून नव्हे.

लूक 18 मधील परूश्याकडे, म्हणजे धर्मनियम काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या माणसाकडे, आपण लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. तो मंदिरात आला, प्रार्थनेला उभा राहिला, उपास आणि दशांश यांत कोठे उणा नव्हता. तरी दूर उभ्या असलेल्या जकातदाराचा न्याय त्याने केला तो प्रार्थना करतानाच, आणि म्हणून तो नीतिमान ठरून घरी गेला नाही. प्रार्थना केली म्हणजे न्याय करण्याच्या पापातून सुटका झाली, असे म्हणायला शास्त्रात जागा नाही.

आज्ञापालनाविषयी मत्तय 18:15 ते 17 पुरेसे स्पष्ट आहे. भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जावे, मग एकदोघांना सोबत न्यावे आणि शेवटी मंडळीला सांगावे. आपल्याकडे सुरुवातच मंडळीपासून होते आणि त्या भावाकडे शेवटपर्यंत कोणी जात नाही. हा क्रम मी उलटा म्हटला, यात कोणाचा न्याय झाला? करिंथकरांस पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय आपण पुढे केला आहे, पण तेथे प्रेषित पौल उघड पापाविषयी बोलतो, नुसत्या संशयाविषयी नाही. यावर अधिक लिहिण्याची मला गरज वाटत नाही.

आपली प्रतिक्रिया मी ठेवली आहे. मात्र उदाहरण म्हणून वाशीतील ज्या कुटुंबाच्या मुलीविषयी आपण लिहिले, ती दोन वाक्ये काढून टाकली आहेत, कारण ते कुटुंब ओळखू येत होते. त्यांच्याशी आपले काही बोलणे झाले नसेल, तर आधी त्यांच्या घरी जाऊन यावे.