युरोव्हिजनवरचे चार आरोप आणि माझी आवडती गाणी

मे महिन्यात युरोव्हिजनची, म्हणजे युरोपातल्या देशांमधल्या दरवर्षीच्या गाण्याच्या स्पर्धेची, अंतिम फेरी झाली की दोन दिवसांत तोच मजकूर पुन्हा फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: 'ही गाण्यांची स्पर्धाच नाही. शेजारी देश आपसात मतं वाटून घेतात. जिंकायचं तर इंग्रजीतच गावं लागतं. गाणं कमी आणि आगीचे लोळ, विचित्र कपडे जास्त. आब्बा हा स्वीडिश गट सोडला तर तिथलं एकही गाणं आठवडाभर टिकलेलं नाही.' लोक तो हसून पुढे पाठवतात. मला मात्र तो वाचून दरवेळी वाईट वाटतं. ही फेरी आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होते आणि निकाल लागेस्तोवर पहाटेचे चार वाजून जातात. तरीही मी वर्षानुवर्षं ती बघते, कारण माझ्या आयुष्यातली काही फार लाडकी गाणी मला तिथे मिळाली. म्हणून एकेका आरोपाला उत्तर देते आहे.

आधी शेजाऱ्यांच्या मतांचं बघू, कारण त्यात थोडं तथ्य आहे. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना सर्वाधिक, म्हणजे बारा गुण देतात हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्यामागे कट शोधायची गरज नाही. दोन्हीकडे भाषा एक, गायक एक, रेडिओवर वाजणारी गाणी एक. बेळगाव-कोल्हापूरकडच्या माणसाच्या कानाला कानडी भजन परकं वाटत नाही, तसंच हे आहे. शिवाय एका देशात दुसऱ्या देशातून आलेले लोक राहत असतात, तेही मत देतात.

खरा प्रश्न असा की एवढ्यावर कुणी जिंकतं का? प्रत्येक देशातून गुणांचा एक संच परीक्षकांचा आणि एक प्रेक्षकांचा, प्रत्येकात 1 ते 8, मग 10 आणि 12 असे गुण, आणि स्वतःच्या देशाला मत द्यायची बंदी. चाळीसेक देश अशी मतं देत असताना दोन-तीन शेजाऱ्यांच्या जोरावर फार तर तळातून मधल्या फळीत येता येतं. पोर्तुगालला जमिनीवरचा शेजारी एकच, स्पेन. तरी 2017 मध्ये पोर्तुगालने 758 गुण घेतले, आणि आजवर कुणालाही तेवढे मिळालेले नाहीत. ऑस्ट्रेलियाला तर युरोपात शेजारीच नाही. 2016 मध्ये डामी इम ऑस्ट्रेलियाकडून गायली आणि 511 गुणांसह दुसरी आली.

त्याच 2016 चा निकाल राजकारणाचा पुरावा म्हणून हमखास पुढे केला जातो. त्या वर्षी युक्रेनची जमाला '1944' गाऊन जिंकली. स्टालिनच्या हुकमावरून त्या साली क्रिमियातल्या तातारांना घरादारातून उचलून मध्य आशियात धाडलं गेलं. त्यांत जमालाची पणजी होती आणि तिची मुलं होती. गाण्याची कडवी इंग्रजीत आहेत, धृपद क्रिमियन तातार भाषेत. शेवटाकडे जमाला शब्द सोडून नुसता आवाज वर चढवत नेते, तिथे माझ्या अंगावर आजही काटा येतो.

आता मतं बघा. परीक्षकांनी पहिला क्रमांक ऑस्ट्रेलियाला दिला, प्रेक्षकांनी रशियाला. युक्रेन दोन्हीकडे दुसरं होतं आणि बेरजेत पहिलं आलं. क्रिमियावरून दोन वर्षं दोन्ही देशांत वैर पेटलेलं असताना युक्रेनच्या प्रेक्षकांनी आपले बारा गुण रशियाच्या गाण्याला दिले आणि रशियाच्या प्रेक्षकांनी दहा गुण युक्रेनला. परीक्षकांनी मात्र एकमेकांच्या देशाला एकही गुण दिला नाही. म्हणजे राजकारण घुसलंच असेल तर ते मूठभर जाणकारांच्या टेबलावर. घरी बसून फोन करणाऱ्या सामान्य माणसाने शत्रुराष्ट्राचं गाणं आवडलं तर त्याला मत दिलं. 2022 ची गोष्ट वेगळी होती, ते मी नाकारत नाही. युद्ध सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते, परीक्षकांनी युक्रेनला चौथं ठेवलं होतं आणि प्रेक्षकांच्या 439 गुणांनी ते पहिलं आलं. त्यात सहानुभूती होतीच. पण एका वर्षावरून सत्तर वर्षांच्या स्पर्धेला झोडपणं अन्याय आहे.

दुसरा आरोप इंग्रजीचा. 1999 मध्ये आपापल्या राष्ट्रभाषेत गाण्याची सक्ती उठली आणि त्यानंतर बरेचसे विजेते इंग्रजीत गायले, हे खरं. पण 'इंग्रजीतच गावं लागतं' हे साफ खोटं. 2007 मध्ये सर्बियाची मारिया शेरिफोविच 'मोलित्वा' हे गाणं सर्बियनमध्ये गाऊन जिंकली. 2021 मध्ये इटलीचा मोनेस्किन हा गट इटालियनमध्ये गाऊन जिंकला, आणि दुसरा व तिसरा क्रमांक दोन फ्रेंच गाण्यांना गेला. पहिल्या तिघांत इंग्रजी गाणं एकही नाही! 2025 मध्ये स्वीडनने सक्ती उठल्यापासून पहिल्यांदाच स्वीडिश गाणं पाठवलं. तेही फिनलंडमधल्या तिघांनी तिथल्या स्वीडिश बोलीत गायलेलं, सौनावरचं, म्हणजे वाफेच्या स्नानावरचं. ते चौथं आलं.

आणि मग साल्वादोर सोब्राल. मला एकच गाणं निवडायला सांगितलं तर मी 2017 चं 'अमार पेलुश दोइश' निवडेन. पोर्तुगाल 1964 पासून या स्पर्धेत होता आणि एकदाही जिंकला नव्हता. साल्वादोरच्या बहिणीने, लुईझाने, हे गाणं लिहिलं आणि चालही तिनेच बांधली. त्याचं हृदय तेव्हा इतकं कमजोर होतं की कीव्हमधल्या त्या स्पर्धेच्या सुरुवातीच्या तालमींना त्याच्या जागी लुईझा उभी राहिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याच्यावर हृदयाच्या प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. बाकीच्यांना भव्य रंगमंच होता, हा प्रेक्षकांच्या मधोमध एका छोट्या गोल चौथऱ्यावर उभा राहिला. अंगात सैलसर काळा कोट, मागे नर्तक नाहीत, आग नाही. सुरावटीसोबत हात असे हलत होते, जणू स्वर बोटांनी हवेतून वेचतो आहे. तुझं माझ्यावर प्रेम नसेल तर मी एकटाच दोघांच्या वाटणीचं प्रेम करेन, एवढंच गाणं. त्यातला एक शब्दही मला पहिल्यांदा कळला नव्हता. परीक्षक आणि प्रेक्षक, दोघांनीही त्याला पहिलं निवडलं. जिंकल्यावर पुन्हा गायची वेळ आली तेव्हा त्याने बहिणीला शेजारी बोलावलं आणि दोघं मिळून गायले.

'नुसती सर्कस' हा तिसरा आरोप ज्यांनी केला, त्यांनी साल्वादोरला बघितलेलं नाही हे उघड आहे. पण मी भडक सादरीकरणाचीही बाजू घेणार आहे. मुख्य गायकाला तिथे प्रत्यक्ष गावंच लागतं, ध्वनिमुद्रित असतं ते वाद्यसंगीत, आणि 2021 पासून हवे तर साथीचे आवाज. गाणं तीन मिनिटांच्या आत, मंचावर जास्तीत जास्त सहा माणसं. या चौकटीत ज्याला काही म्हणायचं असतं तो म्हणतोच.

2022 मध्ये सर्बियाची कोन्स्ट्राक्टा गाणं चालू असताना पाण्याच्या भांड्यात हात धूत बसली होती. दुसऱ्या दिवशी त्याची चेष्टा झाली. गाण्याचा विषय होता कलावंताच्या आरोग्याचा: कलाकाराने निरोगी असलंच पाहिजे, कारण त्याच्याकडे आरोग्य विम्याचं पुस्तक नाही. क्रोएशियाच्या बेबी लझान्याचं 2024 चं गाणंही नाव ऐकून लोकांनी उडवून लावलं, कारण 'रिम टिम टागी डिम' या शब्दांना अर्थच नाही. पण कडवी ऐका. गावातला एक मुलगा गाय विकून आईचा निरोप घेतो आहे आणि घर सोडून परदेशी निघाला आहे. क्रोएशियातल्या गावोगावची तरुण पोरं अशीच निघून गेली आहेत. ते गाणं दुसरं आलं आणि प्रेक्षकांच्या मतांत पहिलं.

माझं दुसरं लाडकं गाणं याच 'सर्कशी'तलं. 2021 चं युक्रेनचं 'शुम', गो-ए या गटाचं. वसंताला साद घालायची तिथली जुनी खेळगाणी असतात, त्यांच्यावर ते बेतलेलं आहे. गायिका कातेरिना पावलेंको चेहऱ्यावरची रेषही न हलवता उभी असते. तिचा आवाज खेड्यातल्या बायकांचा असतो तसा: उघडा, सरळ, कंप नसलेला, लांबवर शेतापलीकडे पोचेल असा. शेजारी सोपिल्का नावाची बासरी. लय सुरुवातीला रेंगाळते, मग चढते, मग इतकी चढते की बसून राहता येत नाही. परीक्षकांना ते फारसं झेपलं नाही, प्रेक्षकांनी मात्र दुसऱ्या क्रमांकावर नेलं आणि एकूण ते पाचवं आलं. माझ्या मते त्या वर्षी तेच जिंकायला हवं होतं.

राहिला शेवटचा आरोप, गाणी टिकत नाहीत हा. 1958 मध्ये इटलीच्या दोमेनिको मोदुन्योचं जे गाणं जग 'व्होलारे' म्हणून ओळखतं ते तिसरं आलं, आणि पुढच्या वर्षी पहिल्यावहिल्या ग्रॅमींमध्ये वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरलं. 2019 चं विजेतं 'आर्केड' जवळपास दोन वर्षांनी अमेरिकेत गाजलं. आर्मेनियाच्या रोझा लिनचं 'स्नॅप' 2022 मध्ये विसावं आलं आणि त्यानंतर जगभर वाजलं.

आणि 6 एप्रिल 1974, इंग्लंडमधलं ब्रायटन. आब्बा जिंकले ती रात्र. त्याच रात्री पोर्तुगालचा पाउलो द कार्व्हाल्यो 'इ देपोइश दु अदेउश' हे विरहगीत गायला आणि तीन गुणांसह संयुक्तपणे शेवटचा आला. अठरा दिवसांनी, 24 एप्रिलच्या रात्री अकराला पाच मिनिटं कमी असताना, लिस्बनच्या रेडिओवर हेच गाणं लागलं. प्रेमाचं साधं गाणं, नुकतंच स्पर्धेत गायलेलं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. सैन्यातल्या बंडखोर अधिकाऱ्यांसाठी तयार राहण्याची ती खूण होती. मध्यरात्रीनंतर दुसरं गाणं लागलं, तुकड्या बाहेर पडल्या आणि 25 एप्रिलला पोर्तुगालमधली 48 वर्षांची हुकूमशाही कोसळली. शेवटच्या क्रमांकाचं ते गाणं पोर्तुगीज माणसाला आजही त्या दिवसासाठी आठवतं.

मजकूर पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे: पुढच्या वेळी तो पाठवण्याआधी 'अमार पेलुश दोइश', '1944', 'मोलित्वा', 'शुम' आणि पाउलोचं गाणं ऐका. पाचही मिळून पंधरा मिनिटांच्या आसपास लागतील. 'शुम' मात्र आवाज मोठा करून.