मशीनवर संशय घ्यायची रीत

राजेहो, ईव्हीएमवर संशय घ्यायला कोणाची ना नाही, पण आपल्या नागपुरात लोक फार घाई करतात. निकाल लागू द्यावा. आपला गडी आला तर मशीन गंगेसारखी पवित्र, पडला तर 'सेटिंग'. कळमन्यात मोजणी अर्धी झाली असताना तोंड उघडलं आणि शेवटच्या फेऱ्यांत आपलाच पुढं गेला, तर पानठेल्यावर शब्द खर्ऱ्यासकट गिळावे लागतात.

रीत जुनी आहे. 1982 साली केरळातल्या परवूरला 50 केंद्रांवर देशात पहिल्यांदा मशीन लागली. मतदानाआधी उमेदवार शिवन पिल्लई तिच्याविरुद्ध कोर्टात गेले आणि 123 मतांनी निवडून आले. मग तक्रार कशाची? आता पडलेले ए. सी. जोस कोर्टात! कायद्यात मशीनची तरतूदच नाही म्हणून 1984 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या केंद्रांवर कागदी मतपत्रिकेनं फेरमतदान लावलं, आणि जोस जिंकले.

पडताळणीच्या भानगडीत मात्र पडू नका. मतदानाच्या दीड तास आधी, पहाटे साडेपाचला, उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान 50 मतं टाकून मशीन तपासतात. तुम्ही एजंट असाल तर झोपा. तर्री-पोहे खाऊन आठला जा. संध्याकाळी एकूण मतांचा 17 सी फॉर्म हातात देतील, त्यात सांबारवडी बांधा. जपून ठेवला तर मोजणीच्या दिवशी आकडा ताडून पाहावा लागेल, आणि जुळला म्हणजे? पाच वर्षांचा विषय गेला ना हातचा! मत कोणाला गेलं ते छापणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागं चिठ्ठी 7 सेकंद दिसते, तेवढा वेळ बोटावरची शाई न्याहाळावी.

निवडणूक आयोगाच्या साहेबलोकांसाठीही सल्ला आहे, छोटासा. कोणी शंका काढली की "विश्वास ठेवा" म्हणायचं. विधानसभा क्षेत्रामागं 5 केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतो, अजून काय पाहिजे? सगळ्या मोजायला 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानंही नाही म्हटलं. जर्मनीच्या घटनात्मक कोर्टानं 2009 मध्ये सांगितलं, की तज्ज्ञ नसलेल्या माणसालाही मतदान-मोजणी तपासता आली पाहिजे. असेल. तिथं ऊन कमी, लोकांना सुचतं असं काहीबाही.

आणि आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत यंदा बडग्या, म्हणजे जाळायचा पुतळा, ईव्हीएमचाच करा. "घेऊन जा गे मारबत" म्हणून मनसोक्त ओरडा. फक्त जाळायच्या आधी एक फोन लावा, आपला गडी सध्या कोणत्या पक्षात आहे ते विचारायला.