डेटन करार: 'रेघा मारल्या' या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. बोस्नियावरच्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बोस्नियातलं युद्ध नाटोच्या बॉम्बनी थांबवलं, मुत्सद्द्यांनी नव्हे, अमेरिकेतल्या डेटनला 1995मध्ये झालेल्या शांतता करारात नुसत्या नकाशावर रेघा मारल्या, आणि इतकी वर्षं झाली तरी परदेशी अधिकारी तिथे ठाण मांडून आहेतच.

बॉम्बचा मुद्दा निम्मा मान्य. ऑगस्ट 1995च्या अखेरीस हवाई हल्ले सुरू झाले नसते, तर बोस्नियन सर्ब नेतृत्व इतक्या लवकर नमलं नसतं. पण त्याच सुमारास क्रोएशियन आणि बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) फौजांनी जमिनीवर मुसंडी मारली आणि सर्बांच्या ताब्यातला सुमारे 70 टक्के प्रदेश निम्म्यावर आला. बोस्नियाक-क्रोएटांना 51 आणि सर्बांना 49 टक्के प्रदेश, ही वाटणी 1994पासून कागदावर पडून होती. रणांगण तिच्यापाशी येऊन ठेपलं त्या क्षणी सगळ्यांना टेबलाशी बसवणं, ही अमेरिकेचे मध्यस्थ होलब्रुक यांची कामगिरी.

'रेघा मारल्या' हे मात्र उडवून लावणं झालं. गोराझ्देचंच बघा. सर्बांच्या प्रदेशाने वेढलेलं हे शहर राजधानी साराजेवोला जोडणारी पट्टी किती रुंद असावी, यावर घोडं अडलं होतं. तेव्हा अमेरिकी लष्कराने तिथल्या डोंगरदऱ्या संगणकाच्या पडद्यावर उभ्या केल्या. अरुंद पट्टीतून रस्ता जाणारच कसा, हे सर्बियाचे अध्यक्ष मिलोशेविच यांना तिथे डोळ्यांनी दिसलं आणि पट्टी रुंदावली. उत्तरेकडच्या ब्रच्को शहरावर काही केल्या एकमत होईना, म्हणून ते लवादाकडे सोपवलं. 1999च्या निवाड्याने तो वेगळा जिल्हा ठरला.

मला स्वतःला करारावर पॅरिसला झालेल्या सह्यांपेक्षा नंबरप्लेटींचा निर्णय मोठा वाटतो. युद्धानंतर प्लेट बघूनच गाडी कुठल्या बाजूची ते कळायचं, त्यामुळे पलीकडे गाडी न्यायला लोक धजावत नसत. 1998मध्ये उच्च प्रतिनिधी, म्हणजे कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारे परदेशी अधिकारी, वेस्टेनडॉर्प यांनी सगळ्यांना एकसारख्या प्लेटी लावायला लावल्या. अक्षरं कुठली, तर लॅटिन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखीच दिसणारी: ए, ई, जे, के, एम, ओ, टी. गाडीचं गाव आणि बाजू दोन्ही पुसली गेली.

तुमची टीका खरं तर दुसरीकडे, आणि याहून तिखट, व्हायला हवी होती. देशाची राज्यघटना म्हणजे या कराराचं चौथं परिशिष्ट! त्यात अध्यक्षमंडळाच्या तीन जागा बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट यांनाच. रोमा समाजाचे देर्वो सेजदिच आणि ज्यू असलेले याकोब फिन्सी त्याविरुद्ध युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले आणि 2009मध्ये जिंकलेही. मात्र त्यानंतर कित्येक वर्षं उलटूनही घटनेतली ती अट हललेली नाही.

राहिले परदेशी अधिकारी. 1997मध्ये बॉन इथे उच्च प्रतिनिधींना कायदे लादण्याचे आणि पदाधिकाऱ्यांना काढण्याचे अधिकार मिळाले. प्लेटी त्यामुळेच मार्गी लागल्या, पण मतदारांना न आवडणारा निर्णय त्यांच्या गळ्यात टाकून मोकळं व्हायची सवयही स्थानिक नेत्यांना तिथूनच लागली. उच्च प्रतिनिधींचं कार्यालय बंद करण्यासाठीच्या अटी 2008मध्ये ठरल्या. त्यातली सरकारी मालमत्तेच्या वाटपाची अट साराजेवो आणि सर्बांच्या भागाचं सत्ताकेंद्र बान्या लुका यांच्या रस्सीखेचीत वर्षानुवर्षं लटकली आहे, आणि ती सोडवणं व्हिएन्नातल्या किंवा ब्रसेल्समधल्या कुणाच्या हातात नाही.